दोन फूट माती आणि एक सही

पत्राचा गोषवारा: "माझे माहेर पलूस तालुक्यात कृष्णाकाठी आहे. चार वर्षांपूर्वी वडील गेले आणि मळीच्या (नदीच्या गाळाच्या) रानातील एक एकर दहा गुंठ्यांवर आई, थोरला भाऊ आणि मी अशी तिघांची नावे लागली. रान दादाच कसतो. मी लग्न झाल्यापासून वीस वर्षे पुण्यात आहे. आता एका वीटभट्टीवाल्याने या रानातील दोन फूट माती मागितली आहे, दादाने पन्नास हजार रुपये विसारही घेतला आहे आणि संमतीपत्रावर माझी सही हवी आहे. दोन महापुरांत गेलेला ऊस, सोसायटीचे थकलेले कर्ज, भाच्याची कॉलेजची फी, ही दादाची अडचण खोटी नाही. भट्टीवाला म्हणतो, नदीकाठची माती आहे, पुराबरोबर पुन्हा भरून येईल. दादा म्हणतो, शेजारच्या दोघांनी रान खाली घेतले, आपलेच उंच राहिले, पाटाचे पाणी चढत नाही. आणि तू कुठे कसायला येतेस? हे शेवटचे वाक्य मला लागले आहे. सही नाकारण्याचा मला नैतिक अधिकार आहे का?"

ताई, उत्तर आधी देतो, कारणे मग सांगतो. सही करू नका. मात्र सही नाकारली की आपले काम संपले, असेही समजू नका. ती माती जागेवर राहण्याची किंमत आज एकटा आपला भाऊ मोजणार आहे, आणि त्यातला वाटा आपण उचलल्याशिवाय आपल्या नकाराला त्या घरात वजन येणार नाही.

प्रथम नेमके काय विकले जात आहे ते पाहू. क्षेत्र पन्नास गुंठे, खोली दोन फूट. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, त्यामुळे हिशेब सोपा आहे: १,०८९ ब्रास, वजनाने सुमारे चार हजार टन. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत साधारण ब्रासभर माती बसते असे धरले, तर हजारावर ट्रॉल्या आपल्या बांधावरून जातील आणि त्या मातीच्या ढोबळमानाने दहा-बारा लाख विटा पडतील. व्यवहाराची रक्कम आपण कळवलेली नाही. ती कितीही असली तरी तिला १,०८९ ने भागा आणि येणारा आकडा भावापुढे ठेवा. असे सौदे नेहमी एकरी बोलले जातात, कारण एकरी रक्कम कानाला मोठी लागते.

आता भट्टीवाल्याला वरचीच दोन फूट माती का हवी, हा प्रश्न दादांनी त्याला विचारला आहे का? त्याला माती कळते, आणि ती आपल्यापेक्षा बरी कळते, असे मला खेदाने म्हणावे लागते. काठच्या रानात खाली गेले की पुष्कळ ठिकाणी चुनखडीचे बारीक खडे लागतात. असा खडा विटेत राहिला तर भट्टीत त्याचा चुना होतो, पुढे ओल लागली की तो फुगतो आणि विटेचा टवका उडवतो. क्षारपड रानातील मातीच्या विटांना लोणा धरतो, भिंतीचा गिलावा सुटतो. म्हणून चोपण (क्षाराने घट्ट झालेला) कोपरा सोडून तो मऊ, चिकण, खडे नसलेल्या मातीवर बोट ठेवतो. तो ज्या जागेवर बोट ठेवतो ती आपल्या रानातली सर्वांत चांगली जागा असते, एवढे ध्यानात घेतले तरी सौद्याचा अर्धा अर्थ उलगडतो.

शेतीच्या दृष्टीने या दोन फुटांतही सगळे सारखे नाही. सेंद्रिय कर्ब, गांडुळे, बुरशी, जिवाणू, उसाच्या मुळ्यांचा दाट जाळा, हे बहुतांश वरच्या वीत-दीड वीत थरात असते. तिथली माती मुठीत दाबली तर ढेकळाचे बारीक रवे होतात, पाणी मुरते, हवा खेळते. खालची माती रंगाने तीच दिसली तरी घट्ट असते, आणि तिच्यात खत टाकले म्हणून ती लगेच वरच्या मातीसारखी वागत नाही. भट्टीवाले "दोन ट्रॉल्या शेणखत टाका, पुढच्या लागणीला रान पूर्ववत" असे सांगतात. चार हजार टन मातीच्या जागी दोन ट्रॉल्या शेणखत, हा हिशेब मी आपल्यावरच सोडतो. खडकापासून माती तयार होण्याचा वेग बोटभर थराला काही शतके असा असतो. तो कोणत्याही पिढीच्या उपयोगाचा नाही.

यावर भट्टीवाल्याचे उत्तर तयार आहे: ही खडकाची माती नाही, पुराने आणलेली आहे, पूर ती पुन्हा आणेल. या म्हणण्यात तथ्य आहे म्हणूनच ते फसवे आहे. मळीचे रान खरोखरच नदीने घडवलेले असते. महाबळेश्वरच्या, पाटणच्या, जावळीच्या डोंगरांची झीज वाई-कऱ्हाडावरून वाहत येऊन आपल्या काठावर शेकडो वर्षे बसत गेली, तेव्हा कुठे हे रान तयार झाले. परंतु ती ज्या वेगाने बसली तो वेग आज उरलेला नाही. कोयनेचे १०५ टीएमसीचे (अब्ज घनफुटांचे) धरण, धोम, कण्हेर, उरमोडी अशी धरणे वर उभी आहेत आणि डोंगरातून येणाऱ्या गाळाचा मोठा भाग त्यांच्या पोटात राहतो. तो उपसून शेतांत नेण्यासाठी राज्य सरकारला २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' नावाची योजना आणावी लागली. एकीकडे तलावातला गाळ रानात टाकायला प्रोत्साहन द्यायचे आणि दुसरीकडे रानातली माती भट्टीत घालायची, असा हा उफराटा कारभार आहे.

शिवाय पूर आपल्या सोयीने गाळ टाकत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. त्या वेळी कोणाच्या रानात वीतभर पोयटा, म्हणजे सुपीक गाळ, बसला, कोणाच्या रानात नुसती वाळू पसरली आणि कोणाचा काठच कातरून गेला, हे आपल्या भावाने डोळ्यांनी पाहिले असेल. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, वर्षानुवर्षे कोरडी राहिलेली हळद २००५ च्या पुराने भिजवली, त्याची आठवण इकडे अजून निघते. पुराकडे भरपाई करणारा म्हणून पाहावे, असा अनुभव काठावरच्या कोणाच्याही गाठी असेल असे मला वाटत नाही. आणि रान दोन फूट खाली गेले की पूर ओसरल्यावर चहूबाजूंचे पाणी त्याच्यातच थांबणार. उंच रानातला ऊस चार दिवसांत पाण्याबाहेर येतो, खोलगट रानातला बुडाशी कुजतो. महापुराने गेलेला ऊस हे माती विकण्याचे एक कारण म्हणून आपण लिहिले आहे. माती विकल्याने तेच कारण अधिक बळकट होणार आहे.

दादांचा दुसरा मुद्दा मात्र मी असा उडवून लावणार नाही. शेजाऱ्यांनी रान खाली घेतल्यावर मधले रान चौथऱ्यासारखे वर राहते आणि पाटाचे पाणी चढत नाही, ही तक्रार खरी आहे. मिरज तालुक्यातील एका काठच्या गावात मी अशा बांधावर उभा राहिलो आहे. डाव्या हाताला उसाचा खोडवा उभा होता. उजव्या हाताला रान एकदम पुरुषभर खाली गेलेले, पोकलेनच्या बकेटचे दात मातीच्या उभ्या भिंतीत कंगव्यासारखे उमटलेले. बांधावर एक जुने लिंबाचे झाड होते आणि त्याची अर्धी मुळे खालच्या बाजूला उघडी लोंबत होती. वरच्या रानाचा मालक म्हणाला, दर पावसाळ्यात माझी दोन सऱ्या माती त्याच्या खड्ड्यात जाते, मी ती विकलेली नाही आणि त्याने ती घेतलेलीही नाही. खालच्या रानात तेव्हा, मे महिन्यात, ओल दिसत होती आणि कडेने पांढरी फेसकट खूण वर आली होती.

ती खूण म्हणजे क्षार. सांगली जिल्ह्याच्या काठच्या पट्ट्यात कालवे आणि उपसा योजना आल्या, उसाला पाणी मोकळे सोडण्याची सवय लागली, भूजल वर आले आणि त्याबरोबर क्षार. असंख्य एकर रान चिबड (पाणथळ) आणि क्षारपड झाले, हे आपण माहेरी येता-जाता पाहिले असेल. भूजल चार फुटांवर असलेल्या रानाचे वरचे दोन फूट काढले तर ते दोन फुटांवर येते. उसाच्या मुळांना आणि क्षाराला मधे फारसे अंतरच उरत नाही. पुढे सच्छिद्र पाइप घालून भूमिगत निचरा करायचा म्हटले, तर पाणी बाहेर काढायला उतार हवा. आणि शेजारच्या ओढ्यापेक्षा खाली गेलेल्या रानाला उतार कुठून आणणार?

म्हणून उंच-सखलपणाची अडचण सोडवायचीच असेल तर ती मातीचा धंदा न करता सोडवावी. वरचा फूटभर थर आधी काढून बांधाला ढीग करायचा, खालची माती जेवढी कमी करायची तेवढीच करायची, आणि मग वरचा थर पुन्हा वर पसरायचा. काम खर्चाचे आहे. पण आधी लेव्हल घेऊन खरोखर किती इंच उंच आहे ते मोजा. पुष्कळदा ते पाच-सहा इंच निघते आणि पाटाऐवजी पाइप किंवा ठिबक केले की प्रश्नच मिटतो. भट्टीवाल्याला ही पद्धत सुचवून पाहा. वरचा थर परत पसरायचा म्हटले की त्याचा उत्साह बहुधा मावळेल, आणि त्यावरून सौदा रान सपाट करण्याचा होता की मातीचा, हे दादांना कळेल.

कायद्याविषयी थोडक्यात. विटांची माती हे गौण खनिज आहे. रान आपले असले तरी स्वामित्वधन (रॉयल्टी) भरून परवाना घेतल्याशिवाय ती उचलता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि वसूल न झालेल्या दंडाचा बोजा सातबाऱ्यावर चढतो, म्हणजे आईच्या आणि आपल्या नावावरही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दीपककुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरीची अट लावली. "परवान्याचे मी बघतो" असे भट्टीवाला तोंडी म्हणत असेल, तर परवाना कोणाच्या नावाने आणि किती ब्रासचा, हे विचारावे. शेजाऱ्याचाही हक्क आहे: जमिनीला लगतच्या जमिनीचा नैसर्गिक आधार मिळाला पाहिजे, हे तत्त्व १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आहे. ज्यांनी रान खाली घेऊन आपला बांध उघडा पाडला, त्यांनाही ते लागू होते.

आता ज्या वाक्याने आपल्याला लागले त्याकडे येतो. कायद्याने आपला हिस्सा आहे यात शंका नाही. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच हक्क दिला आणि सातबाऱ्यावर आपले नाव आहेच. परंतु आपण कायद्याचे विचारलेले नाही. न कसणाऱ्याने कसणाऱ्याला काय करू नये हे सांगावे का, असे विचारले आहे. माझ्या मते बहुतेक बाबतींत सांगू नये. कोणते पीक घ्यायचे, लागण आडसाली हंगामात करायची की सुरू हंगामात, सोसायटी कोणती, कारखाना कोणता, यांत पुण्यातून फोनवर मत देणारी भावंडे मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यांच्याविषयी मला फारसा आदर नाही. पिकाचे बरे-वाईट त्याच हंगामापुरते असते आणि ते कसणारा भोगतो. मातीचे तसे नाही. ती उचलण्याने जो भोगणार आहे तो आज बोलायला हजर नाही: दादांचा मुलगा, बांधापलीकडचा शेतकरी, आपल्या आईनंतर आणि आपणा दोघांनंतर ते रान ज्याच्याकडे जाईल तो. अशा ठिकाणी कसणाऱ्याला एकट्याला निर्णय घेऊ न देणे हा त्याच्यावर अविश्वास नाही. उद्या आपणच पुण्याच्या फ्लॅटचा हप्ता फेडायला माती विकायची म्हणालात, तर दादांनी आपल्याला अडवावे, असेच मी लिहीन.

यापुढे जाऊन एक गोष्ट सांगतो, ती कदाचित आपल्याला खटकेल. गरज खरोखर एवढी निकडीची असेल आणि दुसरा कोणताही मार्ग नसेल, तर पन्नास गुंठ्यांची माती विकण्यापेक्षा त्यातील पंधरा-वीस गुंठे जमीन विकलेली मला अधिक चालेल. गावाकडे याच्या उलट समजूत आहे: जमीन विकणे म्हणजे नाक कापून घेणे, आणि माती विकणे म्हणजे नुसती अडचण भागवणे, कारण सातबारा जागच्या जागी राहतो. पण विकलेल्या रानात दुसरा कोणी ऊस, सोयाबीन, हळद काढतच राहतो. माती गेलेल्या रानाचा सातबारा तेवढा शिल्लक राहतो. तुकडेबंदीच्या कायद्यामुळे लहान तुकड्यांच्या विक्रीला मर्यादा आहेत, त्यामुळे हा मार्ग धरण्यापूर्वी वकिलाला विचारावे.

आणि आपल्या नकाराची दुसरी बाजूही आपल्या ध्यानात असावी. पुण्यातल्या आपल्या इमारतीच्या भिंतीही कुठल्या ना कुठल्या मातीतून आल्या असण्याची शक्यता आहे. औष्णिक वीज केंद्रांच्या आसपास विटांमध्ये राख मिसळण्याचे बंधन केंद्र सरकारने १९९९ मध्येच घातले आणि त्यामागे सुपीक माती वाचवण्याचा हेतू सांगितला होता. आज राखेच्या विटा आणि हलके ब्लॉक बाजारात सर्रास मिळतात. आपल्या गृहनिर्माण सोसायटीत पुढचे बांधकाम निघेल तेव्हा हा विषय बैठकीत काढता येईल. तसेच दादा "उसामागून ऊस घेऊन, पाचट पेटवून, पाणी सोडून आपल्या वडिलांनीही हीच माती थोडी थोडी संपवली" असे म्हणाले, तर त्यांना गप्प करू नका. ते बरोबर बोलत असतील. फरक इतकाच की तसे संपवलेले रान पाचट कुजवून, ताग-धैंचा ही हिरवळीची पिके गाडून, निचरा करून दहा-बारा वर्षांत सावरता येते.

पैशांचे पाहू. आपण आणि आपले पती दोघेही नोकरीत आहात, असे पत्रावरून दिसते. भाच्याची फी आपण उचला, आणि ती मदत म्हणून नव्हे तर हिशेबात धरून: गेली चार वर्षे आपल्या तिसऱ्या हिश्श्याचा खंड आपण घेतलेला नाही, तो यापुढेही दादांकडेच राहील, असे तिघांनी बसून ठरवा. सोसायटीच्या थकबाकीचे पुनर्गठन होते का, याची चौकशी सचिवाकडे करायला आपणच सोबत जा. कर्जदार एकटा गेला तर त्याला जे उत्तर मिळते आणि शिकलेली बहीण कागद घेऊन बरोबर गेली तर जे मिळते, यांत फरक पडतो. हे करणे शक्य नसेल, किंवा करण्याची इच्छा नसेल, तर सही नाकारण्याचा अधिकार तरीही आपल्याला राहील. मात्र मग दादांच्या त्या वाक्यावर रागावण्याचा राहणार नाही.

पैशांच्या कामांत विसाराचे काम आधी करा. पन्नास हजारांपैकी काही खर्च झाले असतील तर ती भर आपण घाला. रक्कम रोख परत न देता बँकेतून द्या आणि "मातीचा कोणताही व्यवहार झालेला नाही, येणे-देणे राहिलेले नाही" एवढे भट्टीवाल्याकडून लिहून घ्या. दादा शब्द मोडल्याची लाज बाळगत असतील. बहिणीने सही दिली नाही, असे त्यांना खुशाल सांगू द्या. तेवढा वाईटपणा आपण घ्यावा.

या सर्वांआधी, जमल्यास या रविवारीच, गावी जा आणि दादांना घेऊन रानाच्या मधोमध तीन फूट खोल, माणूस उतरेल एवढा खड्डा घ्या. जेसीबी नको, कुदळ-फावड्याने घ्या. सकाळच्या उन्हात खड्ड्याच्या भिंतीकडे दोघांनी मिळून पाहा: मुळे कुठवर गेली आहेत, काळा रंग कोठे फिका होतो, चुनखडीचे खडे कोणत्या वितीला लागतात, तळाशी ओल आहे की पाणी. दोन फुटांवर काठीने रेघ मारा आणि रेघेच्या खाली जे उरते त्यात पुढच्या वर्षी लागण करायची का, एवढेच दादांना विचारा. बाकी काही बोलू नका. थरांचे वेगवेगळे नमुने पिशव्यांत भरून माती परीक्षणाला द्या. आणि खड्डा बुजवताना खालची माती खाली आणि वरची माती वरच पडेल, एवढे पाहा.